वाऱ्याची रात्र आठवते का?

१ जानेवारी १९०९. शुक्रवार. आयर्लंडभर टपाल कचेऱ्यांच्या दारात म्हातारी माणसं जमली होती. लंडनच्या सरकारने आदल्या वर्षी वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला होता आणि त्याचे पहिले पैसे त्या दिवशी हातात पडायचे होते. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या आणि उत्पन्न अगदीच तुटपुंजं असलेल्या माणसाला आठवड्याला ५ शिलिंग. त्यासाठी वर्गणी भरलेली असण्याची गरज नव्हती, कुणाचे उपकार नव्हते, अनाथ-अपंगांच्या गृहात जाऊन राहण्याची अटही नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर बटाटे पिकवून जगलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच आठवड्याच्या आठवड्याला रोख पैसा दिसणार होता.

अडचण एकच होती. सत्तरी सिद्ध कशी करायची? आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४मध्ये. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. पण गरीब पॅरिशांत, विशेषतः पश्चिमेकडे, ती वही कधी ठेवलेलीच नसायची, तर कधी पाणी लागून खराब झालेली असायची. बऱ्याच म्हाताऱ्यांना स्वतःचं जन्मवर्ष ठाऊक नव्हतं. तोवर त्याची फारशी गरजही पडली नव्हती. मग पेन्शनचे अधिकारी एक साधा प्रश्न टाकू लागले: मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?

हा वारा ६ जानेवारी १८३९च्या रात्रीचा. आयरिश भाषेत त्या रात्रीला ‘ईहे न गीहे मोरे’ म्हणतात, आणि एवढं नाव घेतलं की कोणतं साल, कोणता वारा, असं पुढे विचारावं लागत नसे. आता हिशेब मांडून पाहा. १ जानेवारी १९०९ला ज्याला बरोबर सत्तर वर्षं झाली, तो त्या रात्री पाच दिवसांचा होता. त्याला काय आठवणार? ज्याला खरोखरच काही आठवत होतं तो त्या रात्री निदान तीन-चार वर्षांचा असला पाहिजे, म्हणजे १९०९मध्ये त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा. प्रश्न कायद्यापेक्षाही कडक होता. अगदी काठावरच्या माणसाने खरं उत्तर दिलं असतं तर त्याची पेन्शन बुडाली असती. प्रत्यक्षात फार थोड्यांची बुडाली, कारण सगळ्यांनाच ती रात्र आठवत होती. कुणी म्हणे, छप्पर उडालं तेव्हा आईने मला पदराखाली घेतलं. कुणी म्हणे, त्या रात्री मी हातात धरून बटाटा खाण्याएवढा झालो होतो. या बटाट्याच्या उत्तराचे पुढे एवढे विनोद झाले की तो आयरिश पेन्शनचा जणू अधिकृत शिक्काच ठरला. हे सगळं काहीसं फुगवून सांगितलं जातं हे उघड आहे. तरी सरकारी कागदाच्या जागी एका वादळाची आठवण चालली, एवढं त्यात खरं आहे. ती का चालली हे समजायचं तर आधी त्या रात्रीत शिरलं पाहिजे.

५ जानेवारीला, शनिवारी, आयर्लंडच्या बऱ्याच भागांत बर्फ पडला होता. रविवारी सकाळी लोक उठले तेव्हा काहीतरी बिनसल्यासारखं होतं. वारा पार पडलेला, आकाश एकसंध करड्या ढगांनी भरलेलं, आणि ऐन जानेवारीत अंगाला चिकटणारी ऊब. बर्फ भराभर वितळू लागला. हवा इतकी निश्चल की मैलभर अंतरावरच्या घरांतून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, असं पुढे कित्येकांनी सांगितलं. ही केवळ आठवणीने नंतर चढवलेली पुटं असतील असा संशय येतो. पण १९८९मध्ये आयरिश हवामान खात्याच्या लिसा शील्ड्स आणि डेनिस फिट्झजेरल्ड यांनी जुन्या नोंदींवरून त्या दोन दिवसांचा नकाशा उभा केला, आणि तो या आठवणींना पाठिंबाच देतो. आधी थंड हवा आणि बर्फ, मग दक्षिणेकडून सरकत आलेली उबदार हवा, आणि तिच्या पाठीमागे अटलांटिकवरून येणारं अतिशय खोल कमी दाबाचं क्षेत्र. हे क्षेत्र आयर्लंडच्या वायव्येकडून स्कॉटलंडच्या दिशेने गेलं. शेटलंड बेटांवरच्या संबर्ग हेडला वायुभार ९२२.८ मिलिबारपर्यंत उतरला. ब्रिटिश बेटांवर इतका कमी दाब क्वचितच मोजला गेला आहे.

तो दिवस सणाचा होता. नाताळचा बारावा दिवस, एपिफनी. काही भागांत त्याला ‘बायकांचा नाताळ’ म्हणतात, कारण एवढे दिवस स्वयंपाकघरात राबलेल्या बायकांनी त्या दिवशी बसून खायचं, चहा प्यायचा. त्या संध्याकाळी बारा मेणबत्त्या किंवा चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याच्या वाती लावायची रीतही होती. घरातल्या एकेकाच्या नावाने एकेक वात लावायची, आणि ज्याची आधी विझेल तो आधी जाणार असं समजायचं. शिवाय जगाचा शेवटचा न्याय याच तिथीला होणार अशीही एक समजूत होती. ज्या घरात अशी वात लावून माणसं बसली असतील तिथे दाराच्या फटीतून पहिला झोत आला तेव्हा काय वाटलं असेल, ते आपण आपल्यापुरतं ताडून पाहावं.

पश्चिमेकडे दुपारीच पाऊस सुरू झाला होता. रात्री नऊ-दहाच्या सुमारास वारा चढला, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्याने कळस गाठला. वर्णनांमध्ये सारखा येतो तो आवाज. झुळका नव्हत्या, थांबे नव्हते, एकच सलग गर्जना; शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नसे.

ही माणसं राहत होती कशा घरांत? दोन वर्षांनी झालेल्या १८४१च्या जनगणनेने घरांच्या चार प्रती केल्या होत्या. चौथी, सगळ्यात खालची प्रत म्हणजे एकाच खोलीची मातीची झोपडी. देशातल्या दर पाच घरांपैकी जवळपास दोन या प्रतीची होती. तिच्यावरच्या प्रतीची घरंही बहुतेक शाकारलेलीच. अटलांटिकच्या काठावर, डोनेगल, मेयो आणि कॉनेमाराकडे, शाकारणीवरून जाळीसारखे दोर आवळून ते भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधायची पद्धत होती. वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने शिकवलेलं ते शहाणपण होतं. आतल्या, पूर्वेकडच्या मुलखात एवढी खबरदारी घेण्याची गरज कुणाला पडली नव्हती, आणि त्या रात्री वारा तिथेही पोहोचला.

छप्पर जाणं हे अर्धंच संकट होतं. आयरिश झोपडीतली चूल कधी विझवत नसत. रात्री पीटचे, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या इंधनाचे, निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी त्यावरच नवी पीट रचायची. काही घरांत तोच विस्तव पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचं अभिमानाने सांगत. वाऱ्याने छप्पर उचकटलं, धुराड्यातून झोत आत घुसला, आणि राखेखालचे निखारे उडून शाकारणीच्या वाळल्या पेंढ्यात पडले. एका घरातली ठिणगी दुसऱ्यावर गेली. गॉलवे परगण्यातल्या लॉख्रे गावात रांगच्या रांग जळून गेली. बाहेर तुफान पाऊस पडत असतानाही आग विझत नव्हती. त्यामुळे शहाण्या माणसांनी आधी चुलीवर पाणी ओतलं. जन्मात कधी न विझवलेला विस्तव स्वतःच्या हाताने विझवून काळोखात बसून राहायचं! पुढच्या आठवणींत छपराइतकीच ही चूल येते, आणि ती पाहिली की कळतं की या लोकांनी वादळ घराच्या आतून पाहिलं आहे.

बाकीच्या युक्त्याही घराच्याच. वाऱ्याकडचं दार अडसर घालून, खाट किंवा टेबल लावून, शेवटी बापाने आणि मोठ्या मुलांनी पाठ लावून धरायचं. पाठीमागचं, आडोशाचं दार मात्र उघडं ठेवायचं, म्हणजे आत कोंडलेला वारा छप्पर वर उचलणार नाही. आढ्याला दोर टाकून त्याला माणसांनी लोंबकळायचं. तेही जमेना तेव्हा पोरांना गोधडीत गुंडाळून बाहेर पडायचं आणि मातीच्या बांधाआड किंवा खंदकात पालथं पडून राहायचं. अशाने कित्येक वाचले. सखल जागी, बुटक्या भिंतींची झोपडी कधी टिकली आणि टेकाडावरच्या जमीनदाराचा वाडा खचला, असंही झालं, कारण मोठ्या घरांचा शत्रू त्यांच्याच छपरावर उभा होता. उंच दगडी धुराडी कोसळून मजले फोडत खाली आली. शहरांत माणसं मेली ती मुख्यतः अशीच.

डब्लिनची हकिकत वर्तमानपत्रांनी तपशिलाने छापली. डॉर्सेट स्ट्रीटवरचं बेथेस्डा चॅपल जळालं, लिफी नदीचं पाणी धक्क्यांवर चढलं, गिनेसच्या मद्यकारखान्यात तबेल्याची भिंत पडून गाड्यांचे नऊ घोडे मेले. पलीकडे लिव्हरपूलजवळ अमेरिकेला निघालेली जहाजं वाळूच्या दांड्यांवर आपटून फुटली. त्यांत ‘लॉकवुड्स’ हे स्थलांतरितांनी भरलेलं जहाज होतं. एकंदर मृतांचा आकडा अडीचशे ते तीनशेच्या घरात धरतात. तो अंदाजच आहे. अधिकृत मोजणी कुणी केली नाही. मृत्यू कमी आणि नासधूस अफाट, असं या वादळाचं विचित्र गणित आहे, आणि त्याचं श्रेय रविवारच्या सणाला द्यायला हवं. माणसं घरात होती आणि जागी होती.

सकाळी जे दिसलं ते दृश्य नीट पाहिलं तर पुढच्या लोककथांचं बी तिथेच सापडतं. जमीनदारांच्या राखलेल्या उपवनांतली झाडं लाखांनी आडवी झाली होती. लाकूड इतकं झालं की त्याला भाव उरला नाही. समुद्रापासून कित्येक मैल आत कुंपणाच्या फांद्या जिभेला लावल्या तर खारट लागत होत्या. किनाऱ्यापासून दूर शेतात हेरिंग मासे पडलेले सापडल्याचं सांगत. रूक नावाचे कावळ्यांच्या जातीचे पक्षी थव्याथव्याने मरून पडले होते. काही भागांत त्यानंतर बराच काळ त्यांचा आवाजच नव्हता. आणि गवताच्या, धान्याच्या गंजी जागेवर नव्हत्या. एकाची गंजी उडून दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याची तिसऱ्याच्या पॅरिशमध्ये, आणि बरीचशी ओढ्यात गेलेली. कुणाचं गवत कुठलं हे ओळखणार कसं? हिवाळा अर्धा उरला होता, गुरांना घालायला काही नव्हतं, आणि छपरं नव्याने शाकारायची तर त्यालाही पेंढाच हवा होता.

तशात एक बोचरी गोष्ट. बँकेत जायची सवय आणि ऐपत नसलेले छोटे शेतकरी आपली शिल्लक छपराच्या पेंढ्यात खोचून ठेवायचे. खंडाचे पैसे, मुलीच्या हुंड्याचे पैसे. ते छपराबरोबर गेले. याची नोंद कुठल्या खात्यात होणार? विमा नव्हता. सरकारी मदतही आली नाही. आयर्लंडसाठीचा गरिबांचा कायदा जुलै १८३८मध्ये मंजूर झाला होता खरा, पण त्याखालची आश्रयगृहं अजून बांधायची होती. ज्याने त्याने आपलं छप्पर आपण घातलं. १८३९चं हे नुकसान ज्यांच्या पाठीवर बसलं त्यांच्यावरच सहा वर्षांनी बटाट्याचा रोग येणार होता. एकाने दुसऱ्याची वाट किती मोकळी केली हे आकड्यांत दाखवता येणार नाही. पण शिल्लक नसलेलं कुटुंब दुष्काळात आधी पडतं, एवढं सांगायला आकडे लागत नाहीत.

हे झालं कशाने? वर्तमानपत्रं आणि प्रवचनं आपापल्या परीने सांगत होतीच. लोकांनी स्वतःची उत्तरं काढली. एक उत्तर न्यायाच्या दिवसाचं. ते रात्रीपुरतं होतं, सकाळी जग जागच्या जागी असल्याचं पाहून मागे पडलं. दुसरं फ्रीमेसन मंडळींचं: त्यांनी आपल्या गुप्त विधीत सैतानाला नरकातून वर बोलावलं, आणि मग त्याला परत घालवता येईना. कॅथलिक खेड्यातल्या माणसाला फ्रीमेसन म्हणजे बंद दारामागे काहीतरी करणारे बडे प्रोटेस्टंट लोक. त्या कथेत त्या काळचं राजकारण कुणालाही दिसेल.

तिसरं उत्तर पऱ्यांचं. इथे आपल्या डोळ्यांसमोर पंख फुटलेल्या गोजिरवाण्या बाहुल्या येत असतील तर त्या बाजूला ठेवाव्यात. आयरिश खेड्यातल्या पऱ्या म्हणजे जुन्या मातीच्या गोल तटबंद्यांत राहणारे, माणसांसारखे घरदार, गुरं, भांडणं असलेले शेजारी. त्यांच्या जागेवरचं काटेरी झाड तोडायचं नाही, त्यांच्या वाटेवर घर बांधायचं नाही. धुळीची वावटळ आली की ती त्यांची स्वारी निघाली असं समजत आणि पुटपुटून वाट देत. तेव्हा एवढा मोठा वारा म्हणजे एवढी मोठी स्वारी, हे त्या तर्कशास्त्रात सरळच बसतं. कुणी सांगत, इंग्लंडच्या पऱ्यांनी त्या रात्री आयर्लंडवर चाल केली आणि इथल्यांनी वारा उठवून त्यांना पळवून लावलं. कुणी सांगत, आयर्लंडच्या पऱ्या त्या रात्री देश सोडून गेल्या, त्या परतल्याच नाहीत.

या कथा कोणत्या वर्षी पहिल्यांदा सांगितल्या गेल्या हे कळायला मार्ग नाही. माझा स्वतःचा कयास असा की देशत्यागाची कथा दुष्काळानंतर पक्की झाली असावी. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक बाहेर गेली. १८४१मध्ये ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १९११पर्यंत ४४ लाखांवर आली. ज्या खेड्यातून निम्मी घरं उठून गेली तिथल्या म्हातारीला मागे वळून पाहताना कुठेतरी सुरुवात हवी होती. दुष्काळाबद्दल लोक मोकळेपणाने बोलत नसत. कुणी शेजाऱ्याचं काय हिरावून घेतलं, कुणी दार लावून घेतलं, हे सगळ्यांना माहीत असे. वाऱ्याबद्दल मात्र कितीही बोलता येई. वाऱ्यात कुणाचा दोष नव्हता.

विज्ञानानेही त्या रात्रीची दखल घेतली. उत्तरेत आर्मा इथे वेधशाळा होती, आणि तिथे १७९५पासून हवामानाच्या रोजच्या नोंदी सलग ठेवल्या जात होत्या. वेधशाळेचे प्रमुख टॉमस रॉम्नी रॉबिन्सन. वाऱ्याचा वेग भरवशाने मोजणारं यंत्र तेव्हा नव्हतं. १८४६मध्ये रॉबिन्सन यांनी चार वाट्यांचं फिरतं वेगमापक जगापुढे मांडलं. आज हवामान केंद्रांच्या खांबावर ज्या तीन वाट्या फिरताना दिसतात त्या त्याच्याच वंशातल्या. त्या रात्रीनेच त्यांना हे सुचलं असं ठामपणे म्हणवत नाही. पण ज्या वेधशाळेवरून तो वारा गेला तिच्याच प्रमुखाने सात वर्षांत वारा मोजायचं साधन द्यावं, हा योगायोग मानायचा तर बराच मोठा आहे.

आता परत १९०९कडे येऊ. पेन्शनच्या अर्जांचा पूर इतका आला की लंडनचे हिशेबनीस चक्रावले. जनगणनेवरून जेवढे सत्तरीचे लोक असायला हवेत त्यापेक्षा अर्जदार अधिक. १९११च्या जनगणनेत तर चमत्कारच घडला: १९०१मध्ये अठ्ठावन्न-साठ वर्षांची असलेली असंख्य माणसं दहा वर्षांत बारा-पंधरा वर्षांनी म्हातारी झाली होती. यात लबाडी होती, पण सगळीच लबाडी नव्हती. ज्याला आपलं वय ठाऊक नाही त्याने १९०१मध्ये साठ सांगितलं तेही अंदाजानेच. पाच शिलिंग मिळणार म्हटल्यावर अंदाज कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. पेन्शन मंजूर करणाऱ्या समित्या स्थानिक होत्या. पैसे लंडनहून येणार, आणि समोर बसलेला म्हातारा आपल्याच गावचा. समितीने कठोर व्हावं तरी कशाला?

वाऱ्याच्या आठवणीचं या व्यवहारात काय झालं? आईकडून ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिलेली झाली. ज्याचा जन्म १८४३चा त्याने लहानपणी शेकोटीभोवती शंभरदा ऐकलेलं छप्पर आता त्याच्याच डोळ्यांदेखत उडालं. अधिकाऱ्यापुढे एकदा सांगितलं की नातवंडांपुढेही तसंच सांगावं लागतं. मला यात फसवणुकीपेक्षा वारसा अधिक दिसतो. ती रात्र एवढ्या तपशिलाने घराघरात सांगितली गेली नसती तर १९०९मध्ये ती कुणाला उसनी घेताही आली नसती.

ज्यांना आठवणीवर भागवायचं नव्हतं, किंवा ज्यांचा अर्ज अडला, त्यांच्यासाठी दुसरी वाट होती. डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या सरकारी दफ्तरखान्यात १८४१ आणि १८५१च्या जनगणनेची मूळ पानं होती. अर्जदाराने आईबापांची नावं आणि गाव लिहून द्यायचं, कारकुनाने ते कुटुंब शोधून मुलाचं तेव्हाचं वय कळवायचं. या शोधाचे हिरवे फॉर्म भरले जात. जून १९२२मध्ये यादवी युद्धात फोर कोर्ट्‌सवर तोफा चालल्या, ३० तारखेला प्रचंड स्फोट झाला आणि दफ्तरखाना जळाला. जनगणनेची बहुतेक सगळी पानं गेली. हिरवे फॉर्म मात्र उरले. १८४१ किंवा १८५१मध्ये अमुक झोपडीत कोण कोण राहत होतं हे आज ज्या हजारो कुटुंबांबद्दल सांगता येतं, ते त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याने पाच शिलिंगांसाठी अर्ज केला म्हणून. वंशावळी शोधणाऱ्या आयरिश-अमेरिकनांनी या म्हाताऱ्यांचे आभार मानायला हवेत.

स्वतंत्र राज्य झाल्यावर १९३५मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. शेमस ओ डुलार्गा हे त्याचे प्रमुख. आयोगाकडे पैसा थोडा आणि पूर्णवेळ संग्राहक मोजके; तेव्हा १९३७ ते १९३९ या काळात शाळांना कामाला लावलं गेलं. शॉन ओ सुलिव्हान यांनी प्रश्नांची पुस्तिका केली. वरच्या वर्गातल्या मुलांनी आठवड्याला एक विषय घ्यायचा, घरी आजी-आजोबांना विचारायचं, आणि वहीत लिहून आणायचं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नासेक हजार मुलांनी लाखो पानं भरली. विषयांत भुतं होती, औषधं होती, दुष्काळ होता, लोणी घुसळणं होतं, आणि वाईट हवामानही होतं. त्या विषयाखाली मोठा वारा पुन्हा उतरला, बरोबर शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

या वह्या १८३९च्या वर्तमानपत्रांशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पत्रांत कोणत्या लॉर्डची किती झाडं पडली ते येतं, चर्चचे मनोरे येतात, जहाजांची नावं येतात. वह्यांत अमक्याची गंजी तमक्याच्या बांधाला जाऊन अडकली हे येतं. पाळणा टेबलाखाली ढकलला हे येतं. कोणत्या खळग्यात सगळी आळी रात्रभर पडून होती तो खळगा दाखवला जातो. ज्या जागी घर होतं आणि नंतर बांधलंच नाही, ती जागा मुलाच्या शाळेच्या वाटेवर असते. तारीख पुष्कळदा चुकते. छपरावरच्या बर्फाच्या आणि विलक्षण उकाड्याच्या गोष्टी मात्र हवामान खात्याच्या नकाशाशी जुळतात. माणसं सनावळीत चुकली, हवेत चुकली नाहीत.

वह्यांत दुसरेही वारे आहेत. २६-२७ फेब्रुवारी १९०३च्या रात्री डब्लिनच्या फीनिक्स पार्कमधली झाडं पाडणारं वादळ तर जॉइसच्या ‘युलिसिस’मध्येही डोकावून गेलं आहे. १९३८मधल्या मुलाच्या आजोबांनी ते स्वतः पाहिलेलं, आणि १८३९चं त्यांनी ऐकलेलं. एकाचे तपशील दुसऱ्यात गेले नसतील असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

किनाऱ्यावर स्मृतीची घडण वेगळी झाली. २८ ऑक्टोबर १९२७च्या संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर मच्छीमार मॅकरेलसाठी लहान होड्या घेऊन बाहेर पडले होते. होड्यांना जाळी बांधलेली, जाळ्यांत मासा लागलेला. वारा अचानक आला. जाळं कापून किनारा गाठावा की जाळं धरून राहावं, हा निर्णय काळोखात, प्रत्येक होडीने आपापला घ्यायचा होता. जाळं म्हणजे कर्जाने आणलेली इस्टेट. इनिशबोफिन बेटाच्या एका होडीने ते सोडलं नाही. पाण्यातलं जाळं नांगरासारखं ओढ धरून राहिलं आणि होडीचं तोंड लाटांकडे राहिलं. त्या होडीतली माणसं वाचली. ४५ मच्छीमार बुडाले. क्लेगन उपसागरावरच्या रॉसाडिलिस्क या एका वस्तीतले १६ होते. मेयोच्या इनिशकी बेटांवर तरुण माणसं गेल्यानंतर वस्तीला उभारी राहिली नाही, आणि १९३०च्या दशकात बेटं ओस पडली. या रात्रीभोवती पऱ्यांच्या कथा रचल्या गेल्या नाहीत. इथे नावं होती, आडनावं होती, विधवा समोर राहत होत्या. रिचर्ड मर्फी या कवीने १९६३मध्ये या दुर्घटनेवर दीर्घ कविता प्रसिद्ध केली. तिच्यामागेही वाचलेल्या नावाड्याच्या तोंडून ऐकलेली हकिकत होती.

२०२५च्या जानेवारीत एओविन वादळाने पश्चिम किनाऱ्यावर ताशी १८० किलोमीटरच्या वर झोत नोंदवून १९४५चा विक्रम मोडला, सात लाखांहून अधिक घरं-दुकानं विजेवाचून राहिली. तेव्हाही बातम्यांत १८३९ आलंच. आता त्याची आठवण असलेलं कुणी नाही आणि ती असण्याबद्दल कुणाला पाच शिलिंगही मिळत नाहीत. शोधणाऱ्याला शाळकरी वह्या डब्लिनच्या विद्यापीठात आणि संगणकावर वाचता येतात. त्यांत एक मोठं भोक आहे, ते ध्यानात ठेवावं. योजना स्वतंत्र राज्याच्या सव्वीस परगण्यांपुरती होती. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिलेले, तिथल्या शाळांना कुणी विचारलं नाही. आर्मा त्याच सहांत येतं. तेव्हा त्या एकाच रात्रीसाठी सीमेच्या दक्षिणेला आजीचं छप्पर आणि विझवलेली चूल मिळते, आणि उत्तरेला वेधशाळेच्या वहीतला पारा. दोन्ही एका टेबलावर आणायची तर आजही दोन देशांच्या दफ्तरांत शोधावं लागतं.